उजेडात ये, मंग बोल

माझ्या थोरल्या बहिणीला लहानपणी मोठा ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा कान गेलेले होते. मी तिच्याहून बराच लहान, त्यामुळे तिला ऐकू येत असल्याची आठवणच मला नाही. माझ्या आठवणीत ती पहिल्यापासून माणसाच्या तोंडाकडे टक लावून पाहणारीच आहे. ताप आला तेव्हा ती चांगली बोलायला शिकलेली होती, शाळेत जात होती, म्हणून बोलणं टिकलं. फक्त आवाज सपाट झाला, आणि कुठे हळू बोलायचं, कुठे मोठ्यानं, हे तिच्या हातात राहिलं नाही. ओठ वाचायला ती आपली आपण शिकली. वाशीमकडच्या मालेगाव तालुक्यातल्या आमच्या खेड्यात ते शिकवणारं कोण असणार?

थोरल्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. मीही तिला बाईच म्हणतो.

दिवसा बाईचं बहिरेपण फारसं जाणवायचं नाही. अडचण व्हायची ती दिवेलागणीनंतर. घरात वीज होती, पण ती असून नसल्यासारखी. दिवे गेले की घरातली माणसं अंधारातच गप्पा पुढे चालू ठेवत, आणि बाई एकदम एकटी पडायची. मग ती कंदील उचलायची आणि जो बोलत असेल त्याच्या तोंडापाशी नेऊन धरायची. बोलणारा बदलला की कंदील तिकडे. नवखे पाहुणे बिचकत. "उजेडात ये, मंग बोल," असं ती कोणालाही म्हणायची, अगदी वडिलांनाही. आणि वडील, जे कोणाचं ऐकत नसत, ते मुकाट्यानं सरकून उजेडात येत.

तिचं लग्न जवळच, किन्हीराजाशेजारच्या एका गावात झालं. मेहुणे कमी बोलणारे. पण बोलायचं असलं की आधी तिच्या खांद्याला हात लावून तिला आपल्याकडे वळवून घेत, हे मी पाहिलेलं आहे. मी एसटीत कंडक्टर होतो, मंगरूळपीर डेपोला. कारंजा, मालेगाव, वाशीम याच रस्त्यांवर माझी नोकरी गेली. सुटीच्या दिवशी बाईकडे जेवायला जायचो आणि गाडीत घडलेलं सगळं तिला सांगायचो. ती माझे ओठ जसे वाचायची तसे दुसऱ्या कोणाचेच वाचत नसे. मी अर्धं वाक्य बोललो की उरलेलं तीच बोलून टाकायची.

मेहुणे गेले आणि भाच्यानं तिला पुण्याकडे नेलं. पुढे माझी बायकोही गेली. आम्हाला मूलबाळ नव्हतं. निवृत्त होऊन मी गावातल्या घरी राहायला आलो होतो, आता त्या घरात मी एकटाच उरलो. तिकडे भाचा आणि सूनबाई दोघं नोकरीला, सकाळी जायचे ते दिवे लागल्यावर यायचे. दोघं वाईट नाहीत. पण थकून आलेली माणसं भाजी चिरता चिरता बोलतात, मोबाइलमध्ये पाहत बोलतात, दुसऱ्या खोलीतून बोलतात. पाठ करून बोललेलं बाईच्या काय कामाचं? इमारतीतल्या बायका तिला पाहून हसायच्या आणि पुढे जायच्या.

फोनवर बोलण्याचा प्रश्नच नव्हता. चौथीपर्यंत शिकल्यामुळे तिला वाचता येई, म्हणून मी मोबाइलवर लिहून पाठवायचो, "कशी आहेस?" ती लिहायची, "बरी." पुढे काही नाही. लिहिलेलं बोलणं तिला बोलणं वाटतच नसे. व्हिडिओ कॉल करून पाहिला तर आमच्या गावचं नेटवर्क असं, की माझं तोंड उघडं असतानाच चित्र थिजायचं. ती बिचारी तिकडे त्या उघड्या तोंडाकडे पाहत बसायची.

शेवटी भाचाच म्हणाला, "मामा, तुमी रेकॉर्डिंग करून पाठवत जा. आई मंग मांगंपुढं करून पाह्यते. समजलं नाई तं परत पाह्यते."

मी ओसरीत खुर्ची टाकली, मोबाइल डब्याला टेकवून उभा केला आणि बोललो. काय बोललो ते आठवत नाही, बहुतेक जेवणाचं. पाठवून दिलं. दुपारी तिचं उत्तर आलं, तेही व्हिडिओतच. तिचा चेहरा कॅमेऱ्याच्या इतका जवळ की कपाळ आणि नाकच दिसत होतं. आणि तो सपाट, मोठा आवाज:

"भाऊ, तुह्यं तोंड कुठं हाय? मले तं नुसतं दार दिसून राह्यलं."

मी माझा व्हिडिओ पुन्हा पाहिला. खरंच होतं. माझ्या मागे उघडं दार, दाराबाहेर पांढरं ऊन, आणि मधे माझ्या आकाराचा एक काळा ठिपका. आवाज मात्र खणखणीत. ऐकू येणाऱ्या माणसाला त्यात काही चूक सापडली नसती.

त्या दिवसापासून मी उजेडाच्या मागे लागलो.

आधी खुर्ची फिरवून दाराकडे तोंड केलं. चेहरा दिसला, पण ऊन डोळ्यांत गेल्यामुळे मी सगळं बोलणं डोळे मिचकावत केलं. मग आत जाऊन ट्यूबलाइटखाली बसलो. त्यात व्हिडिओभर काळ्या पट्ट्या वरून खाली सरकत राहिल्या. उजेड डोक्यावरून येत असल्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत आणि मिशीखाली अंधार. हे पाहून तिनं पाठवलं, "मिशा काढ. तुह्या मिशाच बोलते. ओठ काई दिसत नाई."

मिशी माझी नोकरीपासूनची, झुपकेदार. गर्दीच्या गाडीत तिचा मला उपयोग झालेला आहे. पण आता कोणत्या गर्दीला दाखवायची होती? मी किन्हीराजाला गेलो आणि न्हाव्याला म्हटलं, काढून टाक. त्यानं वस्तरा हातात घेऊन मला आरशात पाहिलं.

"कोन गेलं हो?"

"कोनी नाई."

"मंग काहून काढता?"

"बहिणीले दिसत नाई," मी म्हटलं. त्याला काय समजलं कोण जाणे, पण त्यानं वस्तरा लावला.

गावात परतलो तर माणसं मला पाहून आवाज उतरवून बोलायला लागली. संध्याकाळी शेजारच्या गल्लीतले एक म्हातारबुवा घरी आले, ओसरीत बसले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "कवा झालं?"

"काय?"

"नाई म्हनजे... कोन होतं?"

कोणीच गेलेलं नाही हे मी सांगितलं तेव्हा ते ओशाळले आणि उठायलाच लागले. मी त्यांचा हात धरला. "आता आलेच हा तं चहा घेऊन जा." माझ्या घरी कोणी बसायला आलं होतं त्याला बरेच दिवस झाले होते. मी चहा मुद्दाम सावकाश केला. पाणी जास्त टाकलं, म्हणजे आटायला वेळ लागेल.

मिशी गेल्यावर ओठ दिसायला लागले, पण उजेड अजून धड नव्हता. मंगरूळपीरला मोबाइलच्या दुकानात मी रिंग लाइट मागितला. दुकानदारानं मला वरून खालून पाहिलं. "काका, रील बनवता का?"

"नाई. बहिणीसंग बोलतो."

त्याला ते विनोदाचं वाटलं, तो हसला. मीही हसलो. ती गोल बत्ती तिच्या काठीसकट मी बसमध्ये मांडीवर धरून आणली.

ती लावून बोललो तो व्हिडिओ मला स्वतःला फार आवडला होता. चेहरा कसा उजळ, तुळतुळीत. बाईचं उत्तर आलं: "डोयात बांगड्या घालून बसला का?" माझ्या चष्म्याच्या दोन्ही काचांत दोन पांढरी वर्तुळं उमटली होती. मी म्हटलं, चष्मा काढतो. पण चष्मा काढला की मलाच पडद्यावर काही दिसेना. मी चौकटीत आहे की निम्मा बाहेर, तेही कळेना. मग बत्ती कपाळाच्या वर नेली आणि खाली वाकवली. वर्तुळं गेली, पण नाकाची सावली वरच्या ओठावर आली. त्यावर उपाय सापडला तो अपघातानं. अंघोळ करून आलो होतो, मांडीवर पांढरा टॉवेल तसाच राहिला, आणि पाहतो तर हनुवटी आणि ओठ खालून उजळले होते. तेव्हापासून मी मांडीवर टॉवेल पसरूनच बोलायला बसायचो. कोणी अचानक आत डोकावलं असतं तर त्याला वाटलं असतं, हा जेवणाच्या ताटाची वाट पाहतो आहे.

राहिली मागची भिंत. ती चुन्याची पांढरी. पांढऱ्या भिंतीसमोर बसलं की मोबाइल आपोआप सगळं चित्र गडद करतो आणि चेहरा पुन्हा बुडतो. मागे काहीतरी काळपट हवं होतं. चादरी होत्या त्या फुलाफुलांच्या. शेवटी ट्रंकेतून बायकोचं एक गर्द हिरवं लुगडं काढलं आणि दोन खिळ्यांना टांगलं. ते टांगताना मला काही वाटलं नाही, मी उजेडाच्याच विचारात होतो. पण व्हिडिओ सुरू करण्याआधी पडद्यावर पाहिलं, तर ते लुगडं माझ्या खांद्यामागे उभं. मी उठलो, बाहेर जाऊन बैलगाडीच्या रस्त्यापर्यंत चालून आलो, आणि मग बोलायला बसलो.

बाईनं एका नजरेत ओळखलं. "हे तिचं लुगडं हाय ना? माह्या पोराच्या लग्नात नेसली होती." मग म्हणाली, "राहू दे. काढू नको. चांगलं दिसून राह्यलं तुह्यं तोंड."

अशी आमची बैठक जमली. रोज सकाळी मी बोलायचो, दुपारी तिचं यायचं. चुका व्हायच्या. ओठांवर प, ब आणि म सारखेच दिसतात. पाय, बाय, माय, तिन्ही एकच. क आणि ग तर घशातच राहतात, ते तिला अंदाजानं भरावे लागतात. एकदा हंगामात मी सांगितलं, "सोयाबीनचा भाव पडला." दुपारी तिचं उत्तर आलं नाही, भाच्याचा फोन आला.

"मामा, पडले का तुमी? कुठं लागलं? आई रडून राह्यली."

"मी कायले पडतो?"

"तुमीच म्हनलं म्हने. भाऊ पडला."

तेव्हापासून मी भाव हा शब्द सोडला, दर म्हणायला लागलो.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. बत्ती लावून, टॉवेल पसरून, लुगडं सारखं करून बसलो, की बोलायला काहीच नसायचं. काल सकाळी व्हिडिओ संपवल्यापासून आज सकाळपर्यंत मी कोणाशी एक वाक्यही बोललेलो नसायचो. घसा खाकरून पहिला शब्द काढायचा तो कॅमेऱ्यासमोरच. सांगायला काहीतरी हवं म्हणून मी आठवडी बाजाराला जायला लागलो, गरज नसताना. बसमधून कारंज्याला गेलो, कापसाच्या गाड्या पाहिल्या, एक कप चहा घेतला आणि परत आलो. पानवाल्याला विचारलं, त्याची म्हैस व्याली का. हे सगळं मी बाईसाठी गोळा करत होतो. तिला वाटत असेल, भावाचं बरं चाललं आहे, चार माणसांत आहे. मी ते तसंच वाटू दिलं.

पुढच्या पावसाळ्यात तिची तक्रार पुन्हा सुरू झाली. "भाऊ, आज अंधार हाय." मी म्हटलं, ढगाळ आहे म्हणून असेल, आणि बत्ती मोठी केली. दोन दिवसांनी पुन्हा, "लाईट नाई का तुह्याकडं?" मी बाजूला एक बल्ब लावला, त्यावर पांढरं धोतर बांधून उजेड मऊ केला. पुन्हा तेच. मी दुसऱ्या बाजूलाही बल्ब लावला. खोलीत इतका उजेड झाला की दिवसाउजेडीच पाखरं आत यायला लागली. भाच्याला विचारलं तर तो म्हणे, "मामा, व्हिडिओ तं एकदम झकास दिसते. बातम्या देणाऱ्यावानी." आणि बाई म्हणे, "अंधारात बसून कोनासंग बोलतं?"

हळूहळू तिची उत्तरं माझ्या बोलण्याला लागेनाशी झाली. मी पेरूच्या झाडाचं सांगावं आणि तिनं विचारावं की तुझा ताप उतरला का. मला ताप आलाच नव्हता. मी समजलो, माझं तोंडच आता वयामुळे नीट हालत नसेल. आरशासमोर उभा राहून पाय, बाय, माय म्हणून पाहिलं.

दिवाळीच्या आधी मी पुण्याला गेलो. सकाळी पोचलो. भाचा आणि सूनबाई कामावर निघतच होते. ते गेल्यावर बाईनं चहा केला. कप ठेवताना तिनं आधी बोटांनी टेबलाची कड चाचपली, ते मी पाहिलं, पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही. आम्ही गॅलरीत बसलो. ऊन सरळ माझ्या तोंडावर येत होतं, इतकं की मी हातानं डोळ्यांवर सावली धरली होती. मी हात काढला आणि तिला गावचं सांगायला लागलो.

ती माझ्याकडे पाहत होती. मग डोकं थोडं डावीकडे कलतं करून पाहिलं. मग पुढे वाकली.

"उजेडात ये, मंग बोल," ती म्हणाली.

ऊन माझ्या ओठांवर होतं, मला त्याची ऊब लागत होती. मी तिचा हात धरला. तिनं माझ्या चेहऱ्याच्या दिशेनं पाहिलं आणि तिला कळलं की मला कळलं आहे.

"कवापासून?" मी अगदी जवळ जाऊन, मोठं तोंड करून विचारलं.

"पावसाच्या आधीपासून."

"मंग सांगतलं काहून नाई? मी तिकडं दिवे लावून राह्यलो."

बाई हसली. "अंधार तुह्याकडं हाय म्हनलं की तू एक दिवा लावत होता. माह्याकडं हाय म्हनलं असतं तं कोनं काय लावलं असतं?"

संध्याकाळी भाचा आला तेव्हा मी त्याला सांगितलं. तो बूट काढता काढता तसाच बसून राहिला. रोज तिच्यासमोर वावरत असूनही त्याच्या लक्षात आलं नव्हतं. घर तिच्या हाताचं होतं. भाकरी, भांडी, दाराची कडी, सगळं ती न पाहता करू शकत होती. तिला डोळे लागत होते ते फक्त बोलण्यासाठी, आणि तिथे तिच्याशी बोलणं जवळजवळ कोणाचं नव्हतं.

डॉक्टरांनी तपासलं. डाव्या डोळ्यात काचबिंदू, तो डोळा गेल्यात जमा होता. उजव्यात मोतीबिंदू पिकलेला, त्याचं ऑपरेशन होण्यासारखं होतं. डोळ्यांत साखरेचाही दोष होता, म्हणून आधी रक्तातली साखर ताब्यात आणावी लागली, आणि मी पुण्यातच राहिलो. ऑपरेशन झालं आणि उजव्या डोळ्यावर पट्टी बसली. तेव्हाची तिची अवस्था मला विसरता येत नाही. कान नाहीत, डावा डोळा नाही, उजवा बांधलेला. जगाकडून तिच्यापर्यंत जायला वाटच उरली नाही. पलंगावर ताठ बसून होती, दोन्ही हात उशीवर दाबून, पुरात एखादी वस्तू धरून बसावं तशी. मी शेजारी बसलो आणि तिचा तळवा उघडून त्यावर बोटानं अक्षरं काढली. "मी आहे." तिनं तळवा आवळला. थोड्या वेळानं मी पुन्हा काढलं. मग पुन्हा.

"समजलं रे," ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्या वॉर्डनं ऐकलं. "बस कर. गुदगुल्या होते."

पण हात तिनं सोडवून घेतला नाही.

पट्टी निघाली तेव्हा तिनं सगळ्यांत आधी मला पाहिलं, कारण मीच समोर उभा होतो. खूप वेळ पाहिलं. मी बोललो, "दिसते का?" तिनं ते वाचलं. आणि म्हणाली, "किती म्हातारा झाला रे तू. मिशा काढल्या म्हनून असं दिसते का?"

मी गावी परतलो. दुसऱ्या सकाळी नेहमीसारखी सगळी मांडणी केली, दोन बल्ब, गोल बत्ती, लुगडं, टॉवेल, आणि बोललो. तिचं उत्तर आलं, डोळे बारीक केलेला चेहरा: "बाप्पा, लय उजेड करून ठेवला. डोये दिपते माह्ये. एखादा दिवा मालव." मी एक बल्ब काढला. तिला तोही जास्त वाटला, मग दुसराही काढला. शेवटी खिडकीला पांढरं धोतर लावलं आणि त्यातून येणाऱ्या सकाळच्या उजेडात बसलो, बत्ती न लावता. तिनं सांगितलं, हेच बरं आहे. आता कानाच्या पाळ्यासुद्धा दिसतात.

डोळा आल्यावर ती खाली बागेत जायला लागली. तिथे तिला तिच्याच वयाच्या बायका भेटल्या. त्यातली एक खानदेशाकडची, पूर्वी शाळेत मास्तरीण असलेली. ती हिच्याशी समोर बसून, सावकाश, शब्द तोडून बोलते. बाई मला तिचं फार कौतुक सांगते. मग सांगायलाही तिला वेळ मिळेनासा झाला. रोजचं उत्तर एक दिवसाआड झालं, मग आठवड्यातून कधीतरी. "कालचा पाह्यचा राह्यला, दोन्ही आज पाह्यते," असं ती सांगते. मी म्हणतो, काही घाई नाही. मला बरं वाटतं, हे खोटं नाही. देवळात जाणं, बायकांबरोबर शेंगा सोलत बसणं, हे तिला लग्न होऊन गेल्यापासून आत्ता पहिल्यांदा मिळालं असेल. पण सकाळी लुगड्यासमोर बसायची वेळ होते तेव्हा शरीर आपसूक तिकडे जातं. कधी मी खुर्चीवर बसतो, मोबाइलमध्ये माझा चेहरा नीट उजळलेला दिसतो, आणि मी रेकॉर्डिंगचं बटण दाबत नाही. थोडा वेळ बसून उठतो.

यंदा हिवाळ्यात ती आठ-दहा दिवस गावी आली. भाचा सोडून गेला. अंगणात उन्हाला आम्ही समोरासमोर बसायचो. मी बोलायचो, आणि ती मधेच हसायची.

"असा काय पाहून राह्यला? पापनी तं हालव."

माझ्या लक्षात आलं, मी मान न हलवता, तिच्या कपाळावरच्या एका बिंदूकडे पाहत, शब्द सारखे सारखे सोडत बोलत होतो. मधे ती काही बोलेल यासाठी जागाच ठेवत नव्हतो. ती बोलायला लागली की मी दचकायचो. समोरचं उत्तर लगेच येतं, याची सवयच मोडली होती. दोन दिवसांनी जमलं. मग आम्ही खूप बोललो. किन्हीराजाजवळ तिच्या सासरच्या घरी जाऊन आलो. ते घर आता भाड्यानं दिलेलं आहे. तिनं तिथल्या भाडेकरणीला सांगून अंगणातल्या लिंबाची एक फांदी तोडायला लावली, का ते मला कळलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. संध्याकाळी ती चुलीपुढे बसायची आणि मी मुद्दाम जाळाच्या पलीकडे, तिच्या समोर.

जायच्या दिवशी मालेगावला मी तिला पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसवून दिलं. दिवस मावळला होता. ती गाडी एसीची, खिडक्यांच्या काचा न उघडणाऱ्या. बाईला खिडकीची जागा मिळाली. मी खाली रस्त्यावर उभा राहिलो. आतला दिवा तिच्या तोंडावर पडला होता, सगळं स्पष्ट दिसत होतं.

गाडी सुरू झाली आणि ती काचेआडून मला काहीतरी सांगायला लागली. चांगलं लांब बोलली. एकदा हाताचं बोट वर करून काही बजावलं, एकदा हसली. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. काच बंद असली की आवाज बाहेर येत नाही, हे तिच्या ध्यानात असण्याचं काही कारणच नव्हतं. तिच्या लेखी ती माझ्यासमोर होती आणि बोलत होती. मी तिच्या ओठांकडे पाहिलं. ते उघडत होते, मिटत होते. तिचं ते जन्मभराचं काम, आणि मला त्यातला एक शब्द वाचता येईना. प होता की म होता, तेही नाही.

मी मान हलवली. "हो, हो," म्हटलं, तोंड मोठं करून, तिला दिसेल असं.

तिचं समाधान झालं. गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओत मी विचारलं, बाई, गाडीत बसल्यावर काय म्हणाली होतीस? तिचं उत्तर तीन दिवसांनी आलं. प्रवास चांगला झाला, सूनबाईनं पुरणपोळी केली होती, खानदेशाकडची मैत्रीण नातवाकडे गेली आहे, असं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "गाडीत काय म्हनलं ते आता काई याद नाई मले. पर तू हो म्हनला होता."